गडावर जायचं, पण मागं कोण राहणार?



मार्गशीर्ष लागला की आपल्या घरात आठ-दहा दिवसांची एक फट पडते. सोयाबीन, घेवडा घरात येऊन पडलेला असतो. ज्वारी कमरेला लागलेली असते, पण पाखरं राखायला अजून अवकाश असतो. उसाची तोड लांब असते, निदान तसं आपण धरून चालतो. शहरातली माणसं ज्याला सुट्टी म्हणतात, ती आपल्याकडं हीच. कॅलेंडरात ती लाल रंगात छापलेली नसते, त्यामुळं पुष्कळ घरांत ती येते आणि तशीच निघूनही जाते.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरानं ती पकडली. दोन रात्री आणि तीन दिवस, प्रतापगड आणि रायगड. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं सांगायचं? गड बघायला तर सगळेच जातात. जातात खरे. पण कोण जातात? शाळेची सहल जाते, कॉलेजची पोरं मोटारसायकलीवर जातात, गणेश मंडळाचे कार्यकर्ते टेम्पो करून जातात. घरची बाई त्यांना पहाटे उठून दशम्या करून देते आणि मग शेणघाण करायला गोठ्यात जाते. अख्खं घर, म्हणजे म्हातारं माणूस धरून सगळं घर, उंबऱ्याला कडी घालून गडावर निघालंय, असं तुमच्या आळीत कितीदा झालं ते आठवून बघा. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

आमच्याकडं बेत पहिल्यांदा धाकटीनं काढला. ती नववीत आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावी तामिळनाडूतली जिंजी. शाळेत त्याचा तक्ता लावला होता. तिनं घरी येऊन विचारलं, "आई, ह्यातला आपण कुठला बघितलाय?" आमच्या घरच्यांनी रायगड बघितला होता, कॉलेजात असताना. थोरल्यानं प्रतापगड आणि पन्हाळा. धाकटीनं शाळेबरोबर शिवनेरी. मी प्रतापगड लांबून, एका लग्नाच्या वऱ्हाडात ट्रकमधून. आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकही नाही.

आत्याबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. आमच्या परड्यातून कल्याणगडाचा डोंगर समोर दिसतो. गडावर ढग उतरला की आत्याबाई वाळवण गोळा करायला सांगतात, आणि रेडिओचा अंदाज चुकेल पण त्यांचा चुकत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या डोंगराला रोज बघतायत, वर कधी गेल्या नाहीत. त्यांचा प्रवास सांगायचा तर माहेर, शिखर शिंगणापूर, एकदा पंढरपूर, पाव्हण्यांची लग्नं, मयतीची गावं आणि मोतीबिंदूच्या वेळी साताऱ्याचा दवाखाना. एवढाच.

बेत ठरायला लागला आणि पहिल्याच रात्री प्रश्न आला तो म्हशीचा. दोन म्हशी आहेत. एक गाभण, तिची मुदत लांब होती. दुसरी दुभती, आणि ती माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. आमच्या घरच्यांनी सहज म्हटलं, "आये राहील की घरी. तिला गुडघ्यानं चढवायचंय का गडावर? ती असली म्हंजे म्हशीचं, कोंबड्यांचं, दाराचं सगळंच भागलं." आत्याबाईही लगेच म्हणाल्या, "व्हय की. मी राहते. तुम्ही जावा. मला काय करायचाय गड?"

भगिनींनो, हे वाक्य तुम्ही ऐकलंय. तुमच्या सासूच्या तोंडून ऐकलंय, आईच्या तोंडून ऐकलंय, आणि खोटं कशाला बोला, आपणही ते म्हणायला लागलोय. ते म्हणायचंच असतं म्हणून म्हटलं जातं, आणि ऐकणाऱ्याच्या सोयीचं असतं म्हणून कुणी त्याला दुसरा प्रश्न विचारत नाही. त्या रात्री मी एवढंच म्हटलं, की आत्याबाई राहणार असतील तर मीही राहते. तुम्ही तिघं जाऊन या. मग भाकरीचं बघा, गाडीत धाकटीला मळमळलं तर बघा. ह्यांनी वर बघितलं, थोरला हसायला लागला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतलं नऊवारी इरकली बाहेर काढून वाळत टाकलेलं मी बघितलं.

मग सोय काढली. आमचे धाकटे दीर शेजारीच राहतात, वाटण्या होऊन बारा वर्षं झाली. जावेकडं दोन गाई आहेत. तिला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "काढीन की, पण तुमची म्हस मला जवळ येऊ देईल का?" प्रश्न बरोबर होता. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला नवा माणूस एकदम बसला तर ती दूध आखडते, आणि असं दोन-तीन वेळा झालं की नुकसान दोन दिवसांचं राहत नाही, ती आटायला लागते. म्हणून आम्ही दहा दिवस आधी सुरुवात केली. पहिले तीन दिवस जाऊ नुसती संध्याकाळी येऊन गव्हाणीपाशी उभी राहायची आणि आंबोण तिच्या हातानं द्यायची. मग चार दिवस मी पान्हवायची आणि निम्मं ती काढायची. शेवटचे तीन दिवस मी बाजूला नुसती उभी. आणि जुन्या बायकांचा एक उपाय आहे, तोही केला. माझं गोठ्यातलं रोजचं लुगडं तिला दिलं, धार काढताना ते गुंडाळून बसायला. जनावराला वास कळतो. पहिल्या दिवशी दूध लिटरभर कमी आलं, सातव्या दिवसापर्यंत पाव लिटरच्या आत आलं. ज्यांच्या घरी अशी एकहाती म्हैस आहे त्यांनी हे करून बघावं. गड असो नाहीतर दवाखाना असो, उपयोगी पडतं.

दुसरी अडचण लाईटीची. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री लाईट, हे तुम्हाला सांगायला नको. रात्रीच्या आठवड्यात आमच्या घरच्यांना उठून आल्याला पाणी द्यावं लागतं. म्हणून दिवसाचा आठवडा निवडला आणि दिरांनी दोन दिवस मोटर बघायची असं ठरलं. वारही मुद्दाम मधले धरले, मंगळवार ते गुरुवार. मुलांची तीन दिवस शाळा-कॉलेज बुडालं. पण शनिवार-रविवारी रायगडावर मुंबई-पुण्याची एवढी गर्दी असते, की म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं तर ते वार नकोतच. सहा जूनच्या सुमारास तर अजिबात नको. तो राज्याभिषेकाचा दिवस, लाखाचा मेळा असतो.

एस. टी.नं गेलो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट. आधार कार्ड तेवढं जवळ हवं. त्यामुळं आमच्या घरात पूर्ण तिकिटाचे धनी बापलेक दोघंच. आत्याबाईंनी कंडक्टरला कार्ड दाखवलं, त्यानं शून्य रुपयांचं तिकीट दिलं, ते त्यांनी पिशवीत जपून ठेवलं. अजून आहे.

बरोबर काय घेतलं तेही सांगते, कारण बायका पत्रात तेच विचारतात. दशम्या दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, गूळ-शेंगा, कांदे. आत्याबाईंना काठी आणि गुडघ्याला चोळायचं तेल. पायात जुन्या, पायाला बसलेल्या चपला. गडासाठी म्हणून धाकटीनं नवे बूट मागितले होते, ते दिले नाहीत. पाण्याच्या बाटल्या घरून भरून घेतल्या आणि रिकाम्या घरी परत आणल्या. गडावरच्या दरीत ज्या दिसतात त्या कुणीतरी आणलेल्याच असतात ना?

सातारा, मेढा, केळघरचा घाट आणि महाबळेश्वर. तिथं गाडी बदलायला दीड तास होता. आमच्या घरच्यांना पॉइंटबिइंट काही बघायचं नव्हतं. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे गादीवाफे दिसले, काळा मल्चिंगचा कागद, खालून ठिबक. झालं. रोप कुठून आणता, खत कसं सोडता, दव पडल्यावर काय करता, असं त्या शेतकऱ्याला तासभर विचारत बसले. थोरल्यानं फोटो काढला, त्यात वडील वाकलेले आणि मागं अख्खा सह्याद्री. त्यांची सुट्टी खरी तिथंच झाली असं माझं मत आहे, पुढचं सगळं आमच्यासाठी.

महाबळेश्वरपासून प्रतापगड वीसेक किलोमीटर. आंबेनळी घाट उतरायला लागला की झाडी एवढी दाट होते, की जावळीचं खोरं म्हणजे काय ते पुस्तकात वाचून कळत नाही, तिथं कळतं. पावसाळ्यात ह्या घाटात दरडी येतात, २०२१ च्या जुलैमध्ये तर रस्ताच तुटून गेला होता. तेव्हा हा प्रवास थंडीतच बरा. गड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली १६५६ ते १६५८ च्या सुमारास उभा राहिला, आणि लगेच पुढच्या वर्षी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा प्रसंग झाला. ती गोष्ट तुमच्या पोरांना पाठ आहे, मी सांगत नाही. वर घोड्यावरचा पुतळा आहे, त्याचं अनावरण १९५७ साली पंडित नेहरूंनी केलं. पण आत्याबाईंना पुतळ्यापर्यंत जायचं नव्हतं. त्यांना भवानीचं देऊळ गाठायचं होतं. महाराजांनी तिथं १६६१ साली देवीची स्थापना केली. पायऱ्या बऱ्याच आहेत. दहा पायऱ्या, मग बसायचं, परत दहा पायऱ्या. धाकटी मोजत होती. देवळात पोचल्यावर आत्याबाईंनी घरून आणलेल्या खणानारळानं ओटी भरली. तुळजापूरला जायचं राहिलंय ते राहिलंय, निदान ही तरी भवानी भेटली, एवढं बोलल्या.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मात्र माझं लक्ष लागेना. धारेची वेळ. हात आपोआप चुळबुळतात, बघा. पायथ्याच्या गावात जिथं मुक्काम केला तिथं फोनला रेंज येत नव्हती. हे रस्त्यावर चढून जाऊन बोलून आले. "दिली का?" "दिली. साडेतीन." मग जेवण गोड लागलं. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. आत्याबाई आणि त्या घरची म्हातारी रात्री दहापर्यंत चुलीपुढं बोलत होत्या. एकीची भाषा घाटावरची, एकीची खालची, पण विषय नाचणी, गुडघे आणि सुना. मी आतून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर, महाड, आणि तिथून पंचवीसेक किलोमीटरवर रायगड. गडाच्या आधी पाचाड लागतं. बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत, थेट पायथ्याला जातात. तुम्ही थांबा. तिथं जिजाऊंचा वाडा आहे. आता वाडा म्हणजे तट आणि जोती उरली आहेत. जवळच त्यांची समाधी. गडावरचा गार वारा उतारवयात सोसेना म्हणून महाराजांनी आईसाठी खाली हा वाडा बांधला असं सांगतात. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला. अकरा दिवस. लेकराचं सगळं बघितलं आणि मग गेल्या.

ह्या वाड्यात एक विहीर आहे, तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर टेकून बसायला दगडाचा तक्क्या केलेला आहे. जिजाऊ तिथं बसायच्या आणि पाण्याला आलेल्या बायांशी बोलायच्या, असं गावातले लोक सांगतात. आत्याबाई तिथं बऱ्याच वेळ थांबल्या. मी म्हटलं, "चला, रोपवेला गर्दी होईल." त्या म्हणाल्या, "थांब जरा. म्हातारीसाठी बसायची जागा केलीया बघ कुणीतरी." नुसतं बघून म्हणाल्या, मला काही सुनवायचं म्हणून नव्हे. पण आमच्या घरच्यांनी ते ऐकलं. आमच्या परड्यात आडाच्या कडेला आता सिमेंटचा ओटा झाला आहे, पाठ टेकायला कठडा करून. त्यावर कुणी काही बोललेलं नाही.

रायगडाला वर जायचे दोन मार्ग. एक चित्त दरवाजाकडून पायऱ्यांचा, तिथून बापलेक आणि धाकटी गेली. त्यांना अडीच तास लागले. दुसरा रोपवे. तो जिथून निघतो त्या वाडीचं नाव हिरकणीवाडी. पाळण्यात आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि पांडुरंगाचं नाव घेत राहिल्या. पाच मिनिटांच्या आत वर. उतरल्यावर म्हणाल्या, "आलो पण? मग डोळं कशापायी मिटलं मी?" येताना उघडे ठेवले.

वर काय बघायचं? वाड्यांच्या भिंती कुठं नाहीत, हे आधी पोरांना सांगून ठेवा, नाहीतर ती सिनेमातला महाल शोधत बसतात. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, लाकूडकाम सगळं जळालं. उरली ती जोती. पण जोत्यावरून घर कळतं की नाही? आपल्याला तर कळायलाच पाहिजे. राणीवशाच्या ओळीत प्रत्येक दालनाला आपापली मोरी आणि शौचकूप आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगराच्या माथ्यावर बायकांसाठी ही सोय केलेली. आणि आपल्या गावात अजून काही घरांत बाया अंधार पडायची वाट बघतात. हे मी पुढाऱ्यांना सांगत नाही, घरातल्या कर्त्या पुरुषांना सांगते.

आत्याबाईंचं बघणं वेगळंच होतं. सिंहासनाची जागा बघून नमस्कार केला, डोळे पुसले. पण मग चौकशी सुरू झाली ती पाण्याची. एवढी माणसं, घोडी, हत्ती, आणि खडकाच्या डोक्यावर पाणी कुठलं? गंगासागर तलाव दाखवला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. डिसेंबरात चांगला भरलेला होता. पाण्यासाठी तो खणला आणि निघालेला दगड बांधकामाला वापरला, असं सांगतात. आपण शेततळं खणतो आणि निघालेला मुरूम बांधाला घालतो, तसंच.

थोरला शेतकी पदविकेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' त्यानं वाचलेलं होतं. १७१५-१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ, राज्य कसं चालवावं ते सांगणारा. त्यात गडांचं मोठं प्रकरण आहे. तिथंच बसून त्यानं आजीला सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. गड बांधायचा तर आधी पाणी बघावं. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वेढा पडला, झरा आटला, म्हणजे संपलं. राखीव पाणी निराळं ठेवावं. आणखी गंमत पुढं आहे. गडावरचा केरकचरा खाली टाकू नये, जागीच जाळावा आणि ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा. आत्याबाई म्हणाल्या, "हे तर मी करते की." खरंच करतात. परड्यातली वांगी त्यावरच येतात.

आणि झाडांबद्दल. आरमाराला लाकूड लागतं, पण आंबा-फणस रयतेचे तोडू नयेत, कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं, जबरदस्ती करू नये. बांधावरचा आंबा रस्त्यात गेला म्हणून ज्यांनी कागद घेऊन चार-चार वर्षं हेलपाटे घातलेत, त्यांनी हे वाचावं. महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्रही प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आत्ताच उधळून टाकू नका, रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर जळती वात नेईल आणि वैरणीला आग लागेल, अशी ताकीद त्यात आहे. कडब्याची गंज ज्यानं जळताना बघितलीय त्याला हे पत्र लिहिणारा माणूस आपल्यातलाच वाटेल. लढाया आपण ऐकतो, त्या ऐकाव्यातच. पण दाणा, वैरण, पाणी आणि सरपण ह्यांचा हिशेब कुणीतरी रोज ठेवत होतं म्हणून त्या लढता आल्या. तो हिशेब आपल्या घरात कोण ठेवतं ते तुम्हीच बघा.

जगदीश्वराच्या देवळापर्यंत आत्याबाई चालत गेल्या. मध्ये बाजारपेठेच्या जोत्यावर दोनदा बसल्या. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी तिथं आपलं नाव पायरीवर कोरून घेतलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागावा म्हणून. समाधीपाशी आत्याबाईंनी दशमीचा तुकडा ठेवला. रखवालदारानं उचलायला सांगितला, तो त्यांनी उचलला आणि आम्हा सगळ्यांना वाटला.

हिरकणीचा बुरुज एका टोकाला आहे. तिकडं पोरं गेली, आम्ही दोघी बसून राहिलो. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दूध घालायला आलेली गवळण, कोजागिरीची संध्याकाळ, दरवाजे बंद झाले, आणि खाली घरात तान्हं लेकरू. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि तिथं बुरुज बांधला. लोककथा आहे, पण वाडीच्या नावात अजून टिकून आहे. पोरं परत आली आणि सांगायला लागली, आजी, कडा असा सरळसोट आहे, बघूनच चक्कर येते. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उतरली ते खरं. पण दुसऱ्या दिशी दूध घेऊन परत गड चढलीच असंल की न्हाई?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. थोरला म्हणाला, "ते कुठं लिहिलेलं नाही आजी." त्या म्हणाल्या, "कोण लिहितंय."

तिसऱ्या दिवशी रात्री नऊला घरी. मी लुगडं बदलून आधी गोठ्यात गेले. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि परत वैरणीत तोंड घातलं. मला वाटलं होतं हंबरेल. दूध दोन दिवसांत मिळून अर्धा लिटर कमी भरलं होतं, फॅट तेवढाच.

आता ज्यांना साताऱ्याकडून ही वाट लांबची, त्यांच्यासाठी थोडं. म्हातारी माणसं असतील तर पन्हाळा सगळ्यात सोपा. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते, वर गाव नांदतं आहे. तिथली अंबरखान्याची धान्याची कोठारं शेतकऱ्यानं बघितलीच पाहिजेत. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावं. भिंतींची जाडी आणि आतला गारवा बघून आपली कणगी आठवते. सिंहगडालाही वरपर्यंत रस्ता आहे. वऱ्हाडातल्यांना चिखलदऱ्याजवळ गाविलगड. मराठवाड्यातल्यांना देवगिरी आहेच, पण तो चढायला कठीण, म्हाताऱ्यांनी खालचा भाग बघून सावलीत बसावं. आणि ज्यांच्या घरात पाय अजून मजबूत आहेत त्यांनी बागलाणात साल्हेरला जावं, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला तो, १५६७ मीटर. तिथं मात्र रोपवे नाही आणि वर काही विकतही मिळत नाही.

जाऊबाईंचं घर १९ फेब्रुवारीच्या गर्दीनंतरचा आठवडा धरून शिवनेरीला निघणार आहे. त्यांच्या सासूची, म्हणजे आमच्याच आत्याबाईंची, पिशवी आत्तापासून भरलेली आहे. त्यांच्या दोन गाईंपैकी पांढरी गरीब आहे, पण तांबडी लाथ मारते. कालपासून मी संध्याकाळी त्यांच्या गव्हाणीपाशी जाऊन उभी राहायला लागले आहे.